द्वारकेला पिकअपनं ठोकलं, तक्रार करू का?

सिडकोकर: काल संध्याकाळी द्वारका सर्कलला मागून पिकअपनं माझ्या ॲक्टिव्हाला उडवलं, गुडघा सोलला, हँडल वाकडं, तो म्हणे दोन हजार घ्या अन् मिटवा. मी घेतले नाहीत, नंबर प्लेटचा फोटो आहे. आता तक्रार करू का सोडून देऊ?

गंगापूररोडवाला: नाही घेतले ते बरं केलं भाऊ. आधी सिव्हिलला जाऊन एमएलसी (पोलीस केससाठी जखमेची सरकारी नोंद) करून घे, घरी हळद लावत बसू नको, मग ज्या हद्दीत झालं तिथल्या पोलीस स्टेशनला जा, पंचनामा होईपर्यंत गाडी दुरुस्तीला टाकू नको. इन्शुरन्सवाल्यांना आजच कळव.

पंचवटीकर: हो, मेव्हण्यानं आठ दिवसांनी कळवलं तर कंपनीनं किती खेटे घालायला लावले विचारू नका. भरपाईचा दावा करायचा तर ट्रिब्युनलमध्ये (अपघात भरपाईचं न्यायाधिकरण) ६ महिन्यांच्या आत.

जुना नाशिककर: पुन्हा असं झालं (देव न करो) तर जागेवरूनच ११२, कुणी जखमी असेल तर १०८. अन् मदत करणाऱ्यालाच पोलीस अडकवतात ही भीती सोडा, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.

सिडकोकर: थँक्स, गाडी गॅरेजलाच उभीये, मिस्त्रीला हात लावू नको म्हणून आत्ताच फोन केला. निघतो सिव्हिलला.