‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ खरंच प्रचारकी आहे का?

अनघा_व
उर्सुला ले ग्विन यांची ही लघुकादंबरी १९७२ मध्ये हार्लन एलिसन यांनी संपादित केलेल्या कथासंग्रहात आली आणि विज्ञानकथांसाठीचा १९७३ चा ह्यूगो पुरस्कार घेऊन गेली. तरी समीक्षकांचा एक आक्षेप आजवर टिकून आहे: व्हिएतनाम युद्धाच्या संतापातून लिहिलेला हा प्रचार आहे. मला तो मान्य नाही. पृथ्वीवर लाकूड संपलं म्हणून माणसं अथ्शे ग्रहावरची जंगलं तोडतात आणि तिथल्या जेमतेम मीटरभर उंचीच्या, हिरव्या लवेच्या लोकांना गुलाम करून राबवतात. गोष्ट इथेच थांबली असती तर आक्षेप खरा ठरला असता. पण त्या लोकांतल्याच सेल्व्हरची बायको माणसांच्या तळावरच्या कॅप्टन डेव्हिडसनच्या अत्याचारात मरते आणि सेल्व्हर आपल्या लोकांना माणूस मारायला शिकवतो. सेंट्रलव्हिल या माणसांच्या शहरावरच्या हल्ल्यात ते वसाहतीतल्या बायकांनाही मारतात, पुढची पिढी वाढू नये म्हणून. प्रचार करणारा लेखक आपल्याच बाजूचे हात असे रक्ताने माखेल का?

रानभूल
सेल्व्हरबद्दल सहमत. पण डेव्हिडसनचं काय? पहिलं प्रकरण त्याच्याच डोक्यातून येतं आणि दोन-चार पानांतच तो पुरता कळतो. वंशद्वेष, बायकांबद्दल तुच्छता, झाड दिसलं की पाडायची खुमखुमी. शेवटपर्यंत तसूभर बदलत नाही. तो निखळ दुष्ट झालाय, हे लेखिकेनेच पुढच्या एका प्रस्तावनेत कबूल केलंय. मग आपण कशाला वकिली करायची?

अनघा_व
लेखिकेचं मत हा शेवटचा निकाल नव्हे. वरून ज्वालाग्राही जेली (नेपाम) टाकून गावं जाळणारी माणसं १९६८ मध्ये, ती हे लिहीत होती तेव्हा, व्हिएतनाममध्ये खरोखरच होती. त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात बसून लिहिणं सोपं नाही.

रानभूल
अशी माणसं होती म्हणून पात्र जिवंत होत नाही, ताई. ले ग्विन यांच्याच तीन वर्षं आधीच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीतला एस्ट्राव्हेन आठवा. अखेरपर्यंत त्याचा थांग लागत नाही. त्याच हातून डेव्हिडसन आलाय, म्हणून जास्त खुपतं.

मध्यरात्र७
ल्युबोव्हला दोघंही विसरलात. अथ्शेच्या लोकांचा अभ्यास करणारा, सेल्व्हरचा मित्र. हल्ल्याआधी सेल्व्हर त्याला शहर सोडायला सांगतो, तरी तो राहतो आणि मरतो. डेव्हिडसन मात्र जिवंत राहतो! सेल्व्हर त्याला म्हणतो, तू मला खून दिलास, मी तुला न मारणं देतो. मग त्याला एकट्याला एका बेटावर सोडतात, माणसांनीच झाडं तोडून उजाड केलेल्या. डेव्हिडसन सपाट आहे, मान्य. पण या प्रसंगाला तो तसाच लागतो. पश्चात्ताप करणाऱ्याला जीवदान देण्यात सेल्व्हरचं काय मोठेपण?

रानभूल
प्रसंग ताकदीचाच आहे. पण तो पेलतो सेल्व्हर. डेव्हिडसनमध्ये थोडी जरी चलबिचल असती तर ते जीवदान देणं सेल्व्हरला आणखी जड गेलं असतं, आणि मला तेच वाचायचं होतं.