मणक्यातल्या पाण्याचं लॅक्टेट कमी आलं, तर नवजात बाळाचं अँटिबायोटिक थांबवावं का?

खाडीकाठचा डॉक्टर: घोडबंदर रोडला छोटं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, चालवतो. कल्चर (नमुन्यात जंतू वाढवून बघायची तपासणी) येईस्तोवर सगळ्या बाळांना सरसकट इंजेक्शनं टोचत बसायचं मला पटत नाही. मणक्यातल्या पाण्याचं लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला किंवा जंतू वाढले की चढणारं आम्ल, मशिनवर काही मिनिटांत कळतं. मोठ्यांत ते लिटरला ३.५ मिलिमोलच्या वर गेलं की जिवाणूंचा मेंदूज्वर धरतात. बाळात आकडा कमी आला तर औषध बंद करायला काय हरकत आहे?

काचपट्टी, वाशी: हरकत आहे. मोठ्यांची फूटपट्टी बाळाला लागत नाही. जन्मताना गुदमरलेल्या, झटके आलेल्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या बाळाचं लॅक्टेट जंतूंशिवायही चढतं, आणि एनआयसीयूत अशीच बाळं असतात. त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशींचं तरी काय? मोठ्या माणसात ५ च्या वर गेल्या की आपण सावध होतो, निरोगी बाळात १५-२० सहज निघतात. प्रोटीन १०० असलं तरी चालून जातं. २००६ साली अमेरिकेत ९,१११ बाळांचे नमुने तपासले. ९५ जणांना कल्चरने सिद्ध झालेला मेंदूज्वर होता. २१ पेशींची रेघ ओढली तर पाचातलं एक आजारी बाळ निसटत होतं. शिवाय त्या ९५ पैकी ज्यांचं रक्ताचं कल्चर झालं होतं, त्यांतल्या ३८ टक्क्यांचं ते निगेटिव्ह होतं. म्हणजे रक्त स्वच्छ म्हणून पाणी काढायचं टाळणंही चूकच.

खाडीकाठचा डॉक्टर: तो अभ्यास लॅक्टेटचा नव्हता. पेशींचं पाप लॅक्टेटच्या माथी कशाला?

रात्रपाळीची सिस्टर: सर, आधी नमुना वेळेत पोचवा. रात्री पाणी काढायचं, बाईकवाला येणार कधी, मग ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्याची लॅब. तासाभरात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतात, दोन तासांत निम्मे. साखरही उतरते. सुई लागून नमुना लाल झाला, तर रक्तातून आलेल्या पेशींची वजाबाकी करूनही हाती काही लागत नाही. म्हणून बाळाशेजारचं मशिन मला तरी बरं वाटतं.

एका मुलीचा बाबा: हे सगळं ठीक. पण पीसीआर पॅनेल, म्हणजे ठरावीक जंतूंची जनुकं एकदम शोधणारी तपासणी, करा ना, महाग का असेना!

काचपट्टी, वाशी: महागाचा प्रश्न नाही हो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅनेलमध्ये ई. कोलाय के१, ग्रुप बी स्ट्रेप, लिस्टेरिया वगैरे जंतू आहेत. क्लेबसिएला नाही, ॲसिनेटोबॅक्टर नाही. २०१६ च्या दिल्लीतल्या अभ्यासात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात हेच दोघं पुढे होते. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही निर्धास्त व्हाल आणि जंतू यादीतच नसेल.

खाडीकाठचा डॉक्टर: मान्य. पण मी सुरू करण्याबद्दल बोलतच नाहीये. शंका आली की पहिला डोस लगेच. प्रश्न थांबवण्याचा आहे. ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलाय, क्लेबसिएला अशा जंतूंचा) मेंदूज्वर म्हटलं की किमान २१ दिवस औषध, नुसत्या संशयावर तेवढं चालवणारे आजूबाजूला कमी नाहीत.

काचपट्टी, वाशी: मग ४८ तासांचं कल्चर, पेशी आणि बाळाची तब्येत यांच्या जोडीला लॅक्टेट बघा. एकट्या लॅक्टेटवर, तेही पहिल्या रात्री, थांबवायला माझा विरोधच राहील.

खाडीकाठचा डॉक्टर: आणि पाणी काढण्याआधीच बाहेरून दोन डोस घेऊन आलेल्या बाळाचं काय? तिथे तुमचं कल्चर निगेटिव्ह येणार, मग विश्वास कशावर ठेवू?