माळ घातली म्हणजे डोकं गहाण टाकलं का?

इंद्रायणीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं की आनंद यादवांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी माळकऱ्याने हातातही धरू नये, वारकरी फडावरचे महाराज सांगतील ते प्रमाण. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझ्या गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि ती कादंबरी मी वाचलीय, २००८ ला आली तेव्हाच वाचनालयातून आणून. नाही आवडली. तुकोबांच्या तरुणपणाचं यादवांनी जे रंगवलंय ते मला पटत नाही, पण ते मी वाचून ठरवलं. २००९ ला यादवांनी देहूला जाऊन माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलंच, संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. आमच्या दिंडीत तेव्हा सगळ्यात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कितींनी ते पुस्तक उघडलं होतं विचारू नका. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' हे काय फक्त टाळ कुटताना म्हणायचं?

पंढरीचा वाटसरू:
माउली, तुमच्या आजोबांबद्दल कुणी नाही नाही ते छापलं तर आधी अख्खं पुस्तक वाचून मग चिडाल का? तुकोबांनी स्वतःचं काही लपवलं नाही, दुष्काळात दिवाळं निघालं, बायको अन्न अन्न करत गेली, सगळं अभंगात आहे. त्यांनी सांगितलं ते लिहा की. न सांगितलेलं रचायचं, वर त्यांचं नाव लावायचं आणि कादंबरी आहे म्हणून हात झटकायचे, हे चालणार नाही.

रोखठोक:
पुस्तकाने संप्रदाय बुडत नाही हो, पाकिटाने बुडतोय!! सप्त्याला कीर्तनकार ठरवायला गेलो तर आधी आकडा, मग तारीख. तासभर सासू-सुनेचे विनोद, अभंग शेवटची पाच मिनिटं. 'जेथे कीर्तन करावे तेथे अन्न न सेवावे' म्हणणाऱ्या तुकोबांचा हा अपमान नाही का, की तो फक्त कादंबरीतच होतो?

हरीपाठवाला:
@रोखठोक गाडीचं डिझेल तुम्ही भरता का? कीर्तनकाराला पोरंबाळं नसतात? ऑर्केस्ट्राला लाखभर देताना जीभ रेटत नाही ती. माझे वडील आयुष्यभर नारळ आणि उपरण्यावर कीर्तनं करत फिरले, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. फुकटची भक्ती तुम्हाला गोड लागते.

रोखठोक:
वडिलांना दंडवत, त्यांच्याबद्दल बोललोच नाही. मी आकडा सांगून ॲडव्हान्स घेणाऱ्यांबद्दल बोलतोय. तुम्हाला का झोंबलं?

हरीपाठवाला:
तोंड सांभाळून.

सुमनताई:
अरे मूळ विषय काय, चाललंय काय. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण गाथा रोज. त्या वेळी घरात पुरुषमंडळी हमरीतुमरीवर आलेली, तर त्यांनी मला पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. दोन दुपारी ऐकलं, मग म्हणाल्या, बास, ह्या माणसाला तुकोबा भेटलेला नाही. आणि परत गाथा उघडली. मोर्चा नाही की काही नाही. त्यांची श्रद्धा कमी होती म्हणायचं का?

पंढरीचा वाटसरू:
सासूबाईंचं मानलं. पण नवीन पोरगं, गाथेचं पान उलटलेलं नाही, त्याच्या हातात पहिली हीच कादंबरी पडली तर?

इंद्रायणीकाठ:
मग त्याच्या हातात आधी गाथा द्या ना, कुणी अडवलंय? ज्यांची गाथा बुडवली गेली त्यांच्या नावाने आपणच पुस्तकं दाबायला निघालो, ह्याचं काहीच वाटत नाही?

पंढरीचा वाटसरू:
गाथेशी त्या पुस्तकाची बरोबरी करू नका, पाप लागेल. बाकी वाचून नाकारलं तर माझी हरकत नाही. खूश? पण माफी मागायला लावली ते योग्यच होतं, त्यावरून मी हटणार नाही.

इंद्रायणीकाठ:
वा, हरकत नाही म्हणालात, पेढे वाटतो. आता एवढंच सांगा, तुम्ही स्वतः वाचलंय का?

रोखठोक:
ते राहू द्या, काल्याच्या कीर्तनाला ह्या वर्षी किती सांगितलेत ते सांगू का?