जुन्या अल्टोचा सेल्फ (स्टार्टर मोटार) घरीच बदलायचा आहे, सल्ला हवा

धागाकर्ता:
गाडी ८०० सीसीची जुनी पेट्रोल अल्टो. किल्ली फिरवली की बारीकसा 'टक' होतो, इंजिन फिरत नाही. पाच-सहा वेळा किल्ली मारली की एखाद्या वेळी झटक्यात सुरू होते. धक्का मारला की लगेच लागते. टर्मिनल घासून साफ केली आहेत, उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते. पाने, जॅक, मल्टिमीटर घरी आहे. सेल्फ उतरवू का? नवा घ्यावा की आहे तोच दुरुस्त करावा?

प्रतिसाद १:
एवढ्यात उतरवू नका. आधी दोष सेल्फमध्येच आहे हे मीटरवर बघा, नाहीतर पैसे जातात आणि 'टक' तसाच राहतो. 'टक-टक-टक-टक' अशी भराभर माळ लागली तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. तुमचं तसं दिसत नाही.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या कोणाला किल्ली धरायला सांगा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच लावा, बॉडीवर नको. किल्ली फिरवलेली असताना चार रीडिंग घ्या: बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, सॉलेनॉइडच्या (सेल्फवरचा विजेवर चालणारा खटका) बारीक वायरवर, जाड केबलच्या बोल्टवर, आणि सॉलेनॉइडमधून मोटारीत जाणाऱ्या दुसऱ्या जाड बोल्टवर. शेवटचं रीडिंग सगळ्यात महत्त्वाचं.

धागाकर्ता:
अनुक्रमे १२.२, ११.६, १२.२ आणि चौथ्यावर ११.४.

प्रतिसाद १:
मग कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) संपलेत. कारण सांगतो. सॉलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात. ओढणाऱ्या जोरदार वेटोळ्याला अर्थिंग मिळतं ते मोटारीच्या ब्रशमधून. ब्रश कॉम्यूटेटरला (फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) टेकत नसतील तर त्या वेटोळ्यातून करंटच जात नाही, म्हणून 'टक' बारीक येतो आणि चौथ्या बोल्टवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतो. 'टक' खणखणीत असता आणि तिथे जेमतेम अर्धा-एक व्होल्ट मिळाला असता, तर आतले तांब्याचे संपर्क जळाले म्हटलं असतं. मोटार खरोखर करंट ओढत असती तर बॅटरीही दहाच्या आसपास उतरली असती. तुमची १२.२ वरून हलत नाही.

खात्रीसाठी लाकडी दांड्याने सेल्फवर हलकेच टिचक्या मारा. तेवढ्याने गाडी लागली तर ब्रशच. हातोडा नको, आतली मॅग्नेट ठिसूळ असतात, फुटली तर दुरुस्ती संपली.

प्रतिसाद २:
उतरवण्याचं मी सांगतो. पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढणं, १० नंबरचा पाना. सेल्फच्या जाड केबलला मध्ये फ्यूज नसतो आणि किल्ली बंद असली तरी ती जिवंत असते. पाना तिला आणि इंजिनला एकाच वेळी टेकला तर लाल होतो. अंगठी, कडं, घड्याळ आधीच काढून ठेवा. सायलेन्सरचा पाइप गार होऊ द्या.

खालून जायचं असेल तर जॅक स्टँड लागतातच. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली शिरू नका. मागच्या चाकांना दगड लावा.

बारीक वायरचं प्लॅस्टिक सॉकेट जुन्या गाडीत बिस्किटासारखं तुटतं. वायरीला न ओढता खटका दाबूनच काढा. जाड केबलचा नट बहुधा १२चा. सेल्फ गिअरबॉक्सच्या घराला धरणारे बोल्ट बहुधा १४चे. गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. खालचा बोल्ट आधी, वरचा शेवटी, आणि तो सुटताना एक हात सेल्फखाली ठेवा. दिसतो त्यापेक्षा जड असतो.

सेल्फ निघाला की त्या भोकातून रिंग गिअर (सेल्फ ज्याला फिरवतो ते इंजिनचं दातेरी चक्र) बघा. एक जण इंजिनच्या पुलीवर पाना लावून सावकाश फिरवेल, दुसऱ्याने टॉर्च धरावी. तीन सिलिंडरचं इंजिन ठरावीक तीन जागीच थांबतं, त्यामुळे दातही तिथेच झिजतात. तेवढेच दात खाल्लेले असतील तर नवा सेल्फही त्या जागी घरघर करणार.

प्रतिसाद ३:
माझ्या मते नवा सेल्फ लगेच घेऊ नका. ब्रश नव्याच्या निम्म्याहून आखूड झाले असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर ब्रशचा सेट पुरतो. कॉम्यूटेटर बारीक काच पेपरने पुसा, एमरीने नको, तिची पूड वीज वाहते. पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची पूड टोकदार काडीने काढा. शाफ्ट हातात धरून हलवा: बुश (शाफ्ट धरणाऱ्या कड्या) ढिले असतील तर आर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) मॅग्नेटला घासतं आणि नवे ब्रशही लवकर जातात. पट्ट्या जळून काळ्या पडल्या असतील, किंवा पिनियन (सेल्फच्या टोकाचं दातेरी चाक) दोन्हीकडे मोकळा फिरत असेल, तर बदललेलाच बरा. पिनियन एकाच दिशेने मोकळा फिरला पाहिजे.

बदली सेल्फ घेताना जुना घेऊन जा. पिनियनचे दात मोजा, नाकाची लांबी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर जुळवा. बहुतेक दुकानांत जुना परत घेतात, त्याची वजावट मागा.

आणि सेल्फवर ऑइल ठिबकत होतं का ते बघा. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर आधी ते बदला. तेलात भिजलेले ब्रश टिकत नाहीत.

प्रतिसाद २:
बसवण्यापूर्वी जमिनीवर तपासा. जंप केबलने बॅटरीची निगेटिव्ह सेल्फच्या बॉडीला, पॉझिटिव्ह जाड केबलच्या बोल्टला, मग एका वायरने पॉझिटिव्ह बारीक टोकाला टेकवा. पिनियन फटकन बाहेर येऊन फिरला पाहिजे. सेल्फ जोरात उसळतो, पायाखाली घट्ट दाबा. दोन-तीन सेकंद पुरे. व्हाइसमध्ये बॉडी आवळू नका.

सेल्फचं अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच जातं. म्हणून बसायची जागा वायर ब्रशने चकचकीत करा, रंग राहू देऊ नका. दोन्ही बोल्ट हाताने चार-पाच आटे गेल्याशिवाय पाना लावू नका, गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा आहे. जाड केबलचा नट माफक आवळा. बोल्ट फिरला तर सॉलेनॉइडची टोपी तडकते. रबरी टोपण परत चढवा. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

सुरू करताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन लागल्यावरही किंचाळल्यासारखा आवाज येत राहिला तर पिनियन मागे फिरलेला नाही, ताबडतोब इंजिन बंद करा.