मोटर बदलण्याआधी स्पिंडल बघा

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे वायपर रखडत चालतात म्हणजे मोटर गेली, सरळ नवी टाका, असं एकाने सुचवलंय. मला नाही पटत. आधी लिंकेजचा (मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या जोडणीचा) दांडा मोटरपासून सोडवा आणि मोटर एकटीच चालवून बघा. झपाझप फिरली तर ती बिचारी निर्दोष. वायपरचे आर्म ज्यांवर बसतात ते स्पिंडल जाम झालेत. आपल्या नागपुरात हे व्हायचंच. दिवाळीपासून मृगापर्यंत वायपरला कोणी हात लावत नाही, त्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि गाडी उन्हात. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट होतं. माझ्या गाडीचा ड्रायव्हरकडचा स्पिंडल तर पक्कड लावल्याशिवाय हलेना. काढून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, तेव्हा कुठे तो तपकिरी थर सुटला. मग पुसून ताजं ग्रीस भरलं. मोटर अजून जुनीच आहे.

गाडीला नवा रंग दिला असेल तर अर्थिंगची जागाही (जिथून मोटरचा करंट गाडीच्या पत्र्यात जातो ती) पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, रंगातून करंट जात नाही. (पेंटरला हे सांगून उपयोग नसतो.) आणि चाचणी ओल्या काचेवरच घ्या, कोरड्या काचेवर चांगली मोटरसुद्धा रखडते.