प्रतिसाद: समुद्राचं कापड

टेबलावरच्या छोट्या जहाजांच्या खेळात समुद्र म्हणून निळं फेल्ट (दाबून केलेलं लवदार कापड) अंथरा, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. ते स्वस्त पडतं हे मान्य, पण 'त्याहून काही लागत नाही' हे पटलं नाही. त्याच्या लवेत १/२४०० प्रमाणातली (खऱ्याच्या २४०० पट लहान) जहाजं अडखळतात. त्याऐवजी मांजरपाटावर सीलंटचा (फटी बुजवायच्या पेस्टचा) थर द्या. आधी मांजरपाट प्लायवूडवर ताणून चारी बाजूंनी खिळे मारा, कारण सीलंट सुकताना आकसतं आणि मोकळ्या कडा वळतात. पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक सीलंटच घ्या. शुद्ध सिलिकॉनवर रंग धरतच नाही. गडद निळा रंग अॅक्रिलिक सीलंटमध्येच कालवायचा. ६ बाय ४ फुटांना अर्धा मिलिमीटर थर दिला तर सुमारे १.१ लिटर, म्हणजे ३०० मिलीच्या ४ नळ्या.

लाटा ओल्या स्पंजने हलकेच टिपून उठवा, पत्र्याने ओढू नका. या प्रमाणात १ मिमी लाट म्हणजे २.४ मीटर, ३ मिमी झाली की थेट वादळच! सुकल्यावर खिळे काढा; घडी नको, पाइपवर गुंडाळा.