मदत हवी आहे: ओटीत सी-आर्म, धूर, गॅस आणि सिस्टरला दिवस गेलेत

नमस्कार. मी सांगलीकडच्या एका छोट्या हाडांच्या दवाखान्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. दवाखान्याचं नाव देत नाही. माझ्या जोडीच्या सिस्टरला तिसरा महिना आहे. सरांना सांगितलं नाही, कारण सांगितलं की घरी बसवतील अशी भीती. तिच्या पगारावर घर चालतं.

नेलिंगच्या (मोडलेल्या हाडात सळई घालायच्या) केसेस रोजच्याच, त्यात सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर एक्सरे दाखवणारं मशीन) लागतोच. सर "शूट" म्हणाले की वॉर्डबॉय मामा दाराआड सटकतात, आम्हाला ट्रॉली सोडून हलता येत नाही. माणसं सहा, किरण अडवणारे लेड (शिशाचे) अ‍ॅप्रन चार. त्यातला एक घडी घालून कपाटावर टाकलेला असतो, घडीवर पांढरी रेघ उमटलीय. टीएलडी बॅज (अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा) फक्त सरांना आणि टेक्निशियनला. सरांचा बॅज केबिनमध्ये पेनस्टँडला लटकतो, रिपोर्ट कायम छान!

शिवाय कॉटरीचा (विजेने जाळून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाचा) धूर थेट तोंडावर. लहान मुलांना मास्कने भूल देताना गॅसचा वास खोलीभर होतो, आणि हवा म्हणाल तर एक स्प्लिट एसी.

भांडायचं नाहीये. नियमाने काय मागता येतं आणि कशासाठी नुसतं हातापाया पडायचं, एवढं कळलं तर बोलायला सोपं जाईल.

प्रतिसाद: एक्सरेवाला

ताई, आधी त्या सिस्टरला लेखी कळवायला सांगा. कळवल्याशिवाय नियम लागूच होत नाही. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाने, कळवल्यानंतर उरलेल्या गरोदरपणात बाळाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे रेडिएशनच्या डोसचं माप) जास्त डोस होता कामा नये, आणि त्या हिशेबाने काम बदलून देणं मालकावर आहे. म्हणजे कामावरून काढणं नव्हे. सी-आर्मच्या केसेस सोडून वॉर्ड, ड्रेसिंग, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करायचा विभाग) काहीही देता येतं. दवाखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तिचे आधीच्या वर्षभरात ८० दिवस भरले असतील, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे.

सी-आर्मपाशी नेहमी उभं राहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा बॅज हवा. तो अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही. पेनस्टँडचा बॅज पेनस्टँडचाच डोस मोजतो.

घडीचा अ‍ॅप्रन सी-आर्मखाली धरून स्क्रीनवर बघा, चीर असेल तर दिसेल. चीर असली की बाद करा. बाकीचे हँगरवर टांगा. फुकटात होणारी गोष्ट म्हणजे जागा बदलणं. आपल्याला लागणारं रेडिएशन बहुतेक पेशंटच्या अंगावरून उडून येतं, आणि ट्यूबच्या (किरण सोडणाऱ्या टोकाच्या) बाजूला जास्त. लॅटरल (बाजूने) व्ह्यू घेताना ट्यूबकडे उभं राहू नका, इंटेन्सिफायरकडे (समोरच्या, चित्र टिपणाऱ्या टोकाकडे) या. अंतर दुप्पट केलंत की डोस साधारण पाव होतो, त्यामुळे एक पाऊल मागे सरकलं तरी फरक पडतो.

प्रतिसाद: भूलवाला

वास येतोय म्हणजे प्रमाण आधीच जास्त आहे. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने सेव्होफ्लुरेनसारख्या भुलीच्या गॅसना २ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग) आणि नायट्रस ऑक्साइड या दुसऱ्या भुलीच्या गॅसला २५ पीपीएम मर्यादा सुचवली आहे, आणि नाकाला कळेपर्यंत पहिली मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा: मास्क घट्ट बसतो का, तो उचलण्याआधी गॅस बंद करतात का, मशीनचा निकास खोलीतच सुटतो का. स्कॅव्हेंजिंगचा (वाया जाणारा गॅस ओढून नेणारा) पाइप बाहेर काढणं फार खर्चाचं नाही. स्प्लिट एसी मात्र एनएबीएचच्या (दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार ओटीत चालतच नाही, कारण तो आतलीच हवा फिरवतो. तिथे तासाला २० एअर चेंज (खोलीतली हवा पूर्ण बदलणं) आणि त्यात ४ ताज्या हवेचे अपेक्षित आहेत. एनएबीएच घ्यायचं म्हणून सर कधी बोलले असतील, तर हा मुद्दा तेव्हाच काढा.

धुराला सक्शनचं टोक कॉटरीपासून पाच सेंटीमीटरच्या आत धरायला असिस्टंटला सांगा. साधा सर्जिकल मास्क त्या बारीक कणांना पुरत नाही, एन-९५ लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हिपॅटायटिस बीची लस आणि वर्षातून एकदा तपासणी जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे दवाखान्याने करून द्यायची असते. मामा आणि मावशींनासुद्धा. सुई टोचली तर एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. अ‍ॅप्रन आज स्क्रीनवर धरला, चीर मधोमध निघाली. सरांना फोटो पाठवलाय, "बघू" म्हणाले. ते लेखी कळवायचं पत्र मराठीत चालतं का? कुणाकडे मसुदा असेल तर इथेच टाका, तिला सोमवारी द्यायचंय.